मिन्यान : ज्यू सामुदायिक प्रार्थनेतील गणपूर्तीचे स्वरूप आणि कोकणातील बेने इस्रायल समाज

बीजसंज्ञा : मिन्यान, कद्दीश, तालमूद, हलाखा, बेने इस्रायल, गणपूर्ती

प्रस्तावना

महाविद्यालयातील समित्यांच्या सभांमुळे 'गणपूर्ती' हा शब्द आपणा सर्वांच्या चांगल्या परिचयाचा आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करावयाची, अर्ध्या तासाने तीच सभा त्याच ठिकाणी पुन्हा भरवावयाची आणि या सभेस गणपूर्तीचे बंधन नाही असे इतिवृत्तात नोंदवून कामकाज उरकावयाचे, हा परिपाठही अपरिचित नाही. ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेसाठी अशीच एक गणपूर्ती सांगितली आहे. तीस हिब्रू भाषेत 'मिन्यान' असे म्हणतात. मात्र तेथे अर्ध्या तासाची पळवाट नाही. दहा माणसे जमली तरच ती प्रार्थना सामुदायिक ठरते. नऊ जमली तर ती नऊ व्यक्तींची नऊ स्वतंत्र प्रार्थना होते, मग ते नऊजण कितीही विद्वान वा पुण्यशील असोत.

दहा हीच संख्या का, त्या दहांत कोणाची गणना होते आणि कोणाची होत नाही, तसेच ज्या समाजातून माणसे निघून जातात तेथे या नियमाचे काय होते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. यांतील शेवटचा प्रश्न महाराष्ट्राच्या दृष्टीने केवळ तात्त्विक नाही. रायगड जिल्ह्यातील अनेक गावांत ज्यूंची प्रार्थनामंदिरे आजही उभी आहेत. दहा माणसे मात्र तेथे सहजासहजी मिळत नाहीत.

संज्ञा आणि व्याप्ती

'मिन्यान' हा शब्द मोजणे या अर्थाच्या हिब्रू धातूपासून आला असून 'संख्या' अथवा 'गणना' हा त्याचा मूळ अर्थ होय. पुढे दहा जणांच्या समूहालाच मिन्यान म्हटले जाऊ लागले. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दहा जण नसतील तर ज्यू व्यक्तीला प्रार्थनाच करता येत नाही, असे नव्हे. 'शेमा' हे एकेश्वरनिष्ठेचे उच्चारण आणि 'अमीदा' ही उभे राहून करावयाची मुख्य प्रार्थना एकट्यालाही म्हणता येते, किंबहुना म्हणावीच लागते. अडतो तो भाग वेगळा आहे. प्रार्थनेसाठी जमलेल्यांना केलेले 'बरखू' हे आवाहन, अमीदेची प्रार्थना चालविणाऱ्याने मोठ्याने केलेली पुनरुक्ती व तीमधील 'केदुशा' हा ईश्वराच्या पावित्र्याचा घोष, तोराच्या गुंडाळीचे सार्वजनिक वाचन आणि मृतांच्या आप्तांनी म्हणावयाचे 'कद्दीश' या गोष्टी दहांवाचून होत नाहीत. विवाहातील सात आशीर्वचनांनाही दहा जण लागतात.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथातील 'मगिल्ला' प्रकरणात दहांपेक्षा कमी असता कोणकोणती कृत्ये करू नयेत, याची यादीच आली आहे. त्याच प्रकरणात शहराची व्याख्या दिली असून ती समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. जेथे दहा 'बतलानीम', म्हणजे कामधंद्यातून मोकळी अशी दहा माणसे आहेत ते मोठे शहर. त्याहून कमी असतील तर ते खेडे. प्रार्थनेच्या वेळी हमखास उपलब्ध असणारी ही माणसे होत. आपण ज्यांना रिकामटेकडे म्हणून हिणवतो, त्यांच्या संख्येवरून शहराचा दर्जा ठरविणारी ही व्याख्या लोकसंख्या, बाजारपेठ वा तटबंदी यांपैकी कशाचाही विचार करीत नाही.

दहाच का?

ज्यू धर्मशास्त्रात, म्हणजे 'हलाखा'मध्ये, एखाद्या नियमाला शास्त्राधार दाखविण्याची एक खास रीत आहे. दोन वचनांत एकच शब्द आला असेल तर एका वचनाचा आशय दुसऱ्यास लावता येतो. बॅबिलोनी तालमूदने दहा या संख्येचे समर्थन याच रीतीने केले आहे. लेवीय या ग्रंथात, इस्राएल लोकांच्या 'मध्ये' माझे पावित्र्य मानले जावे, अशा आशयाचे ईश्वरी वचन आहे. गणना या ग्रंथात कोरहाच्या बंडाच्या प्रसंगी, या 'मंडळीमधून' वेगळे व्हा, असा आदेश येतो. 'मध्ये' हा शब्द दोन्हीकडे समान असल्याने पहिल्या वचनाचा संबंध 'मंडळी'शी, हिब्रूत 'एदा' या शब्दाशी, जोडला जातो. आता एदा म्हणजे किती माणसे? त्याचे उत्तर गणना ग्रंथातच अन्यत्र मिळते. कनान देश हेरून येण्यासाठी मोशेने बारा जणांना पाठविले. त्यांपैकी यहोशवा व कालेब हे दोघे निष्ठावंत राहिले. उरलेल्या दहांनी त्या देशाविषयी वाईट बातमी पसरवून लोकांचा धीर खचविला. त्या दहांना उद्देशून ईश्वराने 'दुष्ट मंडळी' असे म्हटले आहे. तेव्हा मंडळी म्हणजे दहा.

ही व्युत्पत्ती वाचून प्रथम आश्चर्य वाटते. पवित्र समुदायाचे मोजमाप ठरविण्यासाठी शास्त्रकारांनी उदाहरण घेतले ते दहा भेदरट व अविश्वासू माणसांचे. अब्राहामाने सदोम नगरीसाठी ईश्वराशी केलेली घासाघीस दहा नीतिमानांपाशी येऊन थांबते, तो अधिक शोभून दिसणारा आधार होता. रूथच्या कथेत बवाजाने गावातील दहा वडीलधाऱ्यांना बोलावून बसविले, तोही होता. विवाहाच्या आशीर्वचनांसाठी तालमूदने त्याचा उपयोग केलाही आहे. जेरुसलेम तालमूदने तर धान्य खरेदीसाठी मिसर देशात गेलेल्या योसेफाच्या दहा भावांचा दाखला पुढे केला. भावाला विकून टाकणाऱ्या या मंडळींचे चारित्र्यही काही फार उजळ नव्हते. प्रस्तुत लेखकास यात एक सुसंगती दिसते. मिन्यानसाठी माणसाची योग्यता तपासावयाची नसून उपस्थिती मोजावयाची आहे आणि निवडलेली उदाहरणे या भूमिकेशी जुळणारीच आहेत.

अर्थात संख्या आधी रूढ झाली व तिला वचने नंतर शोधण्यात आली, असे मानण्यास जागा आहे. 'सोफेरीम' या उत्तरकालीन ग्रंथात पश्चिमेकडे, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये, सात किंवा सहा जणांवरही काम भागविले जात असल्याचा उल्लेख आढळतो. पुढे दहांचा नियम सर्वत्र प्रस्थापित झाला.

'पाचामुखी परमेश्वर' हे वचन मराठी वाचकास येथे आठवल्याशिवाय राहणार नाही. परंतु ते लोकमताच्या प्रामाण्याविषयी आहे, उपासनेच्या विधीविषयी नाही. खरी तुलना शेजारच्या धर्मांशी होऊ शकेल. दोघे-तिघे माझ्या नावाने जमतील तेथे मी आहे, असे ख्रिस्ताचे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. इस्लाममध्ये शुक्रवारच्या जुम्म्याच्या नमाजासाठी हनफी पंथात इमामाखेरीज तीन, तर शाफी पंथात चाळीस पुरुष आवश्यक मानले जातात. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफी आहेत. म्हणजे कोकणातील एकाच गावात दहांची आणि चाळिसांची अशा दोन गणपूर्ती शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

मोजणीची रीत

गंमत अशी की, ज्या विधीचे नावच 'गणना' आहे त्यात माणसांची प्रत्यक्ष मोजणी करण्यास मनाई आहे. निर्गम ग्रंथात शिरगणती करावयाची तर प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यावा व नाणी मोजावीत, असे सांगितले आहे. दावीद राजाने केलेल्या शिरगणतीनंतर देशात मरी पसरल्याची कथा प्रसिद्धच आहे. त्यामुळे प्रार्थनागृहात माणसे जमली की 'एक नाही, दोन नाही' अशी नकारात्मक मोजणी करण्याची रीत काही समाजांत पडली. अन्यत्र स्तोत्रसंहितेतील नेमके दहा हिब्रू शब्द असलेले एक वचन म्हणत एकेका व्यक्तीवर एकेक शब्द ठेवला जातो. शब्द पुरे झाले की मिन्यान पुरा झाला. आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची चाल आहे, तिच्यामागील मनोभूमिका याहून फार वेगळी नसावी.

नऊ आणि एक

नियम कठोर असला की त्याच्या कडांवर वाद होतात. तालमूदमधील याविषयीची चर्चा वाचनीय आहे. नऊ माणसे आणि तोराची पेटी मिळून दहा धरावेत, असे मत रब हूना यांच्या नावे येते. त्यावर रब नाखमान विचारतात, पेटी म्हणजे काय माणूस आहे? मध्ययुगात हातात तोराचे पुस्तक दिलेले अल्पवयीन मूल दहावे म्हणून धरण्याची चाल काही ठिकाणी होती. तिच्यावरही नेमका हाच आक्षेप घेतला गेला.

याहून महत्त्वाचा प्रसंग रब्बी एलिएझर यांचा आहे. ते प्रार्थनागृहात आले असता दहा जण भरले नाहीत. तेव्हा त्यांनी आपल्या गुलामास तेथल्या तेथे मुक्त केले आणि दहा पुरे केले. ज्यू शास्त्रानुसार अज्यू गुलाम मुक्त होताच पूर्ण ज्यू ठरतो. यावर तालमूदकार शंका घेतात की, अशा गुलामास मुक्त करण्यास शास्त्राची मनाई असता हे कृत्य योग्य कसे? उत्तर मिळते की धर्मकृत्यासाठी केले. पुन्हा शंका निघते की पापाच्या मार्गाने केलेले धर्मकृत्य ते कसले? अखेरचे उत्तर असे की, हे समुदायाचे धर्मकृत्य आहे, म्हणून गोष्ट वेगळी. समुदायाच्या गरजेपुढे मालकाचा हक्क तर दुय्यम ठरलाच, परंतु प्रत्यक्ष शास्त्राचा एक निर्बंधही दुय्यम ठरला. त्या अनाम गुलामाच्या मनात काय आले असेल, याविषयी तालमूद काही बोलत नाही.

योसेफ कारो यांच्या 'शुलहान आरुख' या संहितेत (व्हेनिस, १५६५) या साऱ्याचे व्यावहारिक नियम बांधून दिलेले आहेत. दहा जण प्रौढ, स्वतंत्र पुरुष असावेत. प्रौढत्वाचे वय तेरा वर्षे. दहांतील एखादा झोपला असला तरी तो मोजला जातो. (आपल्या सभांनाही हा नियम लागू केल्यास गणपूर्तीची अडचण बरीच कमी होईल.) प्रार्थना सुरू झाल्यावर काही जण उठून गेले तरी निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान सहा, उरले असता सुरू केलेला भाग पुरा करता येतो. इमारतीबाहेर उभा असलेला मनुष्य खिडकीतून आपला चेहरा दाखवीत असेल तर तोही दहांत धरता येतो. ज्या गावी नेमके दहाच पुरुष आहेत, तेथील एखाद्यास मोठ्या सणांच्या दिवसांत बाहेरगावी जावयाचे असेल तर त्याने थांबावे किंवा आपल्या जागी मोबदला देऊन दुसरा मनुष्य आणून ठेवावा. असा बदली देण्याचा नियम अन्य कोणत्या उपासनापद्धतीत असल्यास तो प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेला नाही.

२०२० च्या महासाथीत खिडकीचा हा नियम एकदम जिवंत झाला. प्रार्थनागृहे बंद असता इस्रायलमध्ये शेजारी शेजारी असलेल्या सज्जांत उभे राहून, एकमेकांस दिसतील अशा रीतीने लोकांनी मिन्यान भरविले. संगणकाच्या पडद्यावरील दहा चेहरे मात्र बहुसंख्य ऑर्थोडॉक्स रब्बींनी अमान्य केले. अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीने संकटकाळापुरती त्यास मुभा दिली.

कोणाची गणना होते?

मिन्यानच्या नियमात कसोटी विद्वत्तेची वा संपत्तीची नाही, म्हणून तो समतावादी आहे असे अनेकदा सांगितले जाते. अडाणी चांभार दहावा असला तर त्याच्यावाचून नऊ रब्बींचे अडते, हे खरेच आहे. परंतु जो नियम 'कोण मोजला जातो' हे ठरवितो, तोच 'कोण मोजला जात नाही' हेही ठरवितो. या दुसऱ्या बाजूकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे असे वाटते.

पहिला प्रश्न स्त्रियांचा. प्रार्थनेचे कर्तव्य स्त्रियांनाही आहे असे मिश्ना सांगते. तथापि परंपरेने त्यांना दहांत धरले नाही. १८४६ साली ब्रेस्लाऊ येथे भरलेल्या सुधारणावादी रब्बींच्या परिषदेपुढे आलेल्या समितीच्या अहवालात स्त्रियांची गणना व्हावी अशी शिफारस होती. १९७३ साली कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या समितीने तशी मुभा देऊन निर्णय स्थानिक रब्बींवर सोपविला. ऑर्थोडॉक्स परंपरेत पुरुषांचाच मिन्यान कायम आहे. तरी २००२ साली जेरुसलेममध्ये सुरू झालेल्या 'शिरा हदाशा' या मंडळीने दहा पुरुष व दहा स्त्रिया असे दोन्ही जमेपर्यंत थांबण्याची प्रथा पाडली. या प्रश्नाची धार कद्दीशच्या वेळी सर्वाधिक जाणवते, कारण आईबापांसाठी सामान्यतः अकरा महिने म्हणावयाचे ते वचन मिन्यानवाचून म्हणता येत नाही. 'हदासा' संघटनेच्या संस्थापिका हेन्रिएटा झोल्ड यांच्या मातेचे १९१६ साली निधन झाले. त्यांच्या आईवडिलांना मुलीच होत्या. एका पुरुष स्नेह्याने त्यांच्या वतीने कद्दीश म्हणण्याची तयारी दर्शविली. झोल्ड यांनी आभार मानून ती नाकारली व हे कर्तव्य आपले आपणच करू असे कळविले.

दुसरा प्रश्न वंशाचा आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे. कोचीनच्या परदेशी ज्यूंच्या प्रार्थनागृहात (स्थापना १५६८) मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना इतरांबरोबर बसण्याचा व तोरावाचनाचा समान अधिकार दीर्घकाळ नव्हता. रब्बी एलिएझर यांनी एका क्षणात जे दिले, ते तेथे पिढ्यान्‌पिढ्या मिळाले नाही. 'ज्यूंचे गांधी' म्हणून ओळखले गेलेले वकील अब्राहम बराक सालेम (१८८२–१९६७) यांनी सत्याग्रहाच्या मार्गाने हा भेद मोडून काढण्यासाठी झुंज दिली. मुंबईत बगदादी ज्यूंनी बेने इस्रायलांच्या शुद्धतेविषयी शंका घेऊन आपल्या प्रार्थनागृहांत त्यांच्या पुरुषांना मिन्यानमध्ये धरण्याचे नाकारले. शेजारी उभा असलेला, तीच हिब्रू प्रार्थना म्हणणारा माणूस तेथे असून नसल्यासारखा. रंगून येथे दोन्ही समाजांतील वाद १९३० च्या दशकात उच्च न्यायालयापर्यंत गेला. खुद्द बेने इस्रायल समाजात 'गोरे' व 'काळे' इस्रायल असा भेद होताच. स्थलांतरानंतर इस्रायलमध्ये विवाहसंबंधांच्या निमित्ताने बेने इस्रायलांच्या ज्यूपणाविषयी पुन्हा प्रश्न उपस्थित करण्यात आला. उपोषणे व निदर्शने झाल्यावर १९६४ साली त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू मानण्याचे तेथील शासनाने व धर्मपीठाने मान्य केले.

कोकणातील मशिदी

बेने इस्रायल मराठीत आपल्या प्रार्थनागृहास 'मशीद' म्हणत आले आहेत. नौगाव येथे जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कथेचे ऐतिहासिक मूल्य बाजूस ठेवले तरी एक गोष्ट नजरेत भरते की, सात पुरुषांचा मिन्यान होत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' या नावाने ओळखल्या गेलेल्या या समाजाने शतकानुशतके जे जपले ते म्हणजे शब्बाथ, सुंता, आहाराचे काही नियम आणि शेमाचा उच्चार. यांपैकी कशासाठीही दहांची अट नाही. तोराची गुंडाळी, हिब्रू प्रार्थनासंहिता, सार्वजनिक वाचन हे सारे त्यांना नंतर पुन्हा शिकावे लागले. जे घरी एकट्याने पाळता येते ते टिकले व ज्याला समुदायाची चौकट लागते ते लोपले, असे अनुमान यावरून काढावेसे वाटते.

ही चौकट १७९६ साली पुन्हा उभी राहिली. कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर तथा सॅम्युएल एझिकिएल यांनी मुंबईत मांडवी भागात बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनागृह 'शार हारहमीम' बांधले. टिपू सुलतानच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दल त्यांनी ते उभारले, असे सांगितले जाते. मशीद बंदर स्थानकाचे नाव याच वास्तूवरून पडले असेही मानले जाते. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी विधी व पठण शिकविले आणि रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण अशा ठिकाणी प्रार्थनागृहे झाली. जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली, त्यामुळे दहांतील प्रत्येकास आपण काय म्हणत आहोत हे कळू लागले.

स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज १९४८ नंतर मोठ्या प्रमाणावर इस्रायलला गेला. आज संपूर्ण भारतातील ज्यूंची संख्या चार-पाच हजारांच्या घरात आहे व त्यांतील बहुसंख्य मुंबई-ठाणे परिसरात राहतात. कोकणातील गावांत मोजकी कुटुंबे उरली. अशा ठिकाणी दहावा माणूस हा रोजच्या चिंतेचा विषय होतो. कोणी आजारी पडले, कोणाची बदली झाली, कोणाचा मुलगा शिक्षणासाठी पुण्यास गेला, की नियमाच्या दृष्टीने सारी मंडळीच विरते. कोचीनमध्येही गेल्या शतकाच्या अखेरीस परदेशी पाहुण्यांच्या भरवशावर मिन्यान भरत असे.

दहा न जमल्यास काय करावे, यासंबंधी शास्त्रात मार्गदर्शन आहे. प्रत्येकाने आपापली प्रार्थना म्हणावी. तोराचे वाचन अभ्यास म्हणून, आशीर्वचनांवाचून करता येते. केदुशा आणि कद्दीश गाळावे. तालमूदमध्ये रब नाखमान प्रार्थनागृहात का आले नाहीत, असे रब्बी यित्झाक त्यांना विचारतात. जाण्याची शक्ती नव्हती, असे ते सांगतात. मग दहा जणांना घरी का बोलावले नाही? तेही त्रासाचे होते. मग निदान समुदायाची प्रार्थना ज्या घटकेस चालू असते ती घटका कोणाकडून तरी कळवून घ्यावयाची होती, म्हणजे त्या वेळी आपण एकट्याने प्रार्थना करावी. पुढील शास्त्रकारांनी हा सल्ला ग्राह्य धरला. त्यानुसार अलिबाग वा रेवदंडा येथे राहणारा एकटा मनुष्य मुंबईतील मशिदीत प्रार्थना सुरू होते ती वेळ साधून आपल्या घरी अमीदा म्हणू शकतो. आईबापांचे कद्दीश म्हणावयाचे असेल तर मात्र त्याला मुंबईस जावे लागते.